पुसलेली अकरा मिनिटं

माझ्या अंगावर सहा बटणं आहेत, मित्रांनो. त्यातल्या लाल बटणाकडे कुणाचा हात गेला, की समोर बसलेला माणूस सावरून बसतो आणि आवाज बदलून बोलू लागतो. मला टेपरेकॉर्डर म्हणतात. तुमच्यापैकी कित्येकांनी मला चालताना पाहिलंही नसेल. हल्ली मी बीडमधल्या एका महाविद्यालयात, समाजशास्त्राच्या खोलीतल्या कपाटात असतो. माझ्या एका बाजूला जुने नकाशे आहेत आणि दुसऱ्या बाजूला खडूंचं खोकं.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. आठवतं ते औरंगाबादचं एक दुकान. तिथून मला चौसाळ्याच्या विठ्ठलराव गुरुजींनी विकत घेतलं आणि मांडीवर ठेवून एसटीने घरी आणलं. शाळेचं स्नेहसंमेलन, पंधरा ऑगस्टची गाणी, पोरांच्या कविता असं पुष्कळ काही मी त्या वर्षांत टिपलं. गावातली माणसं स्वतःचा आवाज ऐकायला मुद्दाम यायची आणि ऐकून म्हणायची, "ह्यो आपला आवाज न्हाई बे, दुसऱ्या कुणाचा तरी हाय." गुरुजी हसायचे. त्यांची धाकटी लेक प्रयाग माझी कळ दाबायला मिळावी म्हणून अभ्यास लवकर उरकायची. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

पुढे घरात टीव्ही आला. मला कापडी पिशवीत घालून माळ्यावर ठेवण्यात आलं. तिथे मी किती वर्षं होतो ते सांगता येणार नाही, पण माझा पट्टा सैल झाला आणि एका बाजूने उंदरांनी पिशवी कुरतडली. असं पडून राहण्याचं दुःख मला होतं. पण आज मी सांगणार आहे ते त्याबद्दल नाही.

दोन हजार तीन साली प्रयागने मला खाली काढलं. ती तेव्हा एम. ए. होऊन पुण्याच्या एका संस्थेत कामाला लागली होती. तो सलग दुष्काळाचा काळ होता. त्या संस्थेला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या: पाऊस नसला की घर कसं चालतं, कारखान्यावर गेल्यावर तिथे काय हाल होतात, दवाखाना मिळतो का. अभ्यासाचे प्रमुख सुंदररावसर होते, मूळचे माजलगावकडचे, शांत स्वभावाचे. त्यांनी प्रयागला छापील संमतीपत्रांचा गठ्ठा दिला. प्रयागने बीडच्या एका दुरुस्तीवाल्याकडून माझा पट्टा बदलून घेतला आणि आम्ही पाटोदा तालुक्यातल्या गावांतून हिंडू लागलो.

वैशाखात आम्ही एका गावात कडूबाईंच्या दारी गेलो. कडूबाई हे त्यांचं खरं नाव नाही. या गोष्टीत पुढे येणाऱ्या त्यांच्या घरच्यांची नावंही मी बदलली आहेत. त्यांच्या घरात घडलेलं मी सांगणार आहे, ते त्या घरातल्या दोन बायकांनी जेवढं सांगायला हरकत नाही म्हटलं तेवढंच.

गावातले बैल चारा छावणीत होते. टँकर तीन दिवसांतून एकदा येई. कडूबाई लिंबाखाली रिकाम्या घागरींच्या रांगेत बसल्या होत्या. प्रयागने संमतीपत्र वाचून दाखवलं आणि शाईचं पॅड पुढे केलं.

"आंगठा कावून?" कडूबाईंनी विचारलं.

"तुमी तुमच्या मनानं बोलताय, कुणी जबरदस्ती केली न्हाई, म्हणून. तुमचं नाव मी कुठंच लिहिणार न्हाई, मावशी. मधीच नको वाटलं तर थांब म्हणा. बोलून झाल्यावर नको वाटलं तर मी पुसून टाकीन."

"हे केलं की गावाला दुसरं टँकर मिळंल का?"

प्रयाग खरं बोलली. "न्हाई मावशी. टँकरचं माझ्या हातात न्हाई."

कडूबाईंनी थोडा विचार केला. "बरं. टँकर येईस्तोवर बसायचंच हाय. पर इथं नगं, घरी चल."

घराच्या अंगणात त्यांची सून राखेने भांडी घासत बसली होती. तिला मी रुक्मिणी म्हणेन. प्रयाग ओसरीवर बसली, तिची पाठ अंगणाकडे होती. तिने मला मधे ठेवलं आणि लाल बटण दाबलं.

कडूबाई आधी दुष्काळाचं बोलल्या. मग टोळीचं बोलल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या गटाला टोळी म्हणतात आणि ती जमवतो तो मुकादम. त्यांचा मुकादम बबनराव गावातलाच. बोलता बोलता त्या मागच्या हंगामावर आल्या आणि थांबल्या. मग आवाज खाली आणून सांगू लागल्या. रुक्मिणीला दिवस भरले होते. उसाच्या फडात सकाळी तिचं पोट दुखू लागलं. कडूबाईंनी बबनरावाकडे ट्रॅक्टर मागितला. बबनराव म्हणाला, भरलेली ट्रॉली आधी कारखान्यावर खाली होऊ दे. ट्रॅक्टर ऊस घेऊन गेला तो दिवस कलल्यावर परत आला. तोवर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, मुलगी जन्मली होती आणि गेलीही होती.

इथपर्यंतचं मी सांगू शकतो. त्यापुढे कडूबाई अकरा मिनिटं बोलल्या. सुनेच्या अंगाचं, तिच्या मनाचं, त्या महिन्यात ती कशी वागली त्याचं. त्यांच्या बोलण्यात माया होती. डोळे पुसत त्या बोलत होत्या. प्रयागही रडत होती.

त्या अकरा मिनिटांत अंगणातला भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. माझ्यात तो आवाज आहे आणि मग तो नाही, हे दोन्ही टिपलं गेलं होतं. पण मला कळत काहीच नाही, मित्रांनो, मला फक्त टिपता येतं. जिला कळायला हवं होतं त्या प्रयागची पाठ अंगणाकडे होती.

निघताना प्रयागने कडूबाईंना पुन्हा विचारलं, "यातलं काय पुसू का?"

"राहू दे. नाव न्हाई ना येणार? मग राहू दे. हलकं वाटलं बघ."

रुक्मिणीला कुणी काही विचारलं नाही.

पुण्याला टेप गेल्या. तिथे त्या कागदावर उतरवल्या जात. सुंदररावसरांनी कडूबाईंचं बोलणं ऐकलं आणि त्या भागाची एक वेगळी कॅसेट करून घेतली. श्रावणात बीडला एका सभागृहात दुष्काळावर बैठक होती. एका सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष आणि संचालक येणार होते, अधिकारी येणार होते, काही मुकादमांनाही बोलावलं होतं. सर प्रयागला म्हणाले, "आपण आकडे सांगून थकलो. हे ऐकवू या. नाव कुठं सांगतोय आपण?"

प्रयागला ते बरोबर वाटलं नाही. पण सर मोठे, त्यांचा हेतू चांगला, आणि नाव खरंच कुठे नव्हतं. ती गप्प राहिली. तिनेच मला पिशवीतून काढून टेबलावर मायक्रोफोनजवळ ठेवलं.

मी वाजलो. जेवढं होतं तेवढं सगळं, ती अकरा मिनिटंसुद्धा. आयुष्यात मला कधी एवढ्या शांततेत कुणी ऐकलं नव्हतं. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. दहा मिनिटांच्या आत ठरलं, की येत्या हंगामापासून टोळ्यांमधल्या बाळंतिणींसाठी आणि आजाऱ्यांसाठी कारखाना एक जीप ठेवील. सभागृहात टाळ्या झाल्या. एका अधिकाऱ्याने माझ्यावर हात ठेवून म्हटलं, "यंत्रानं काम केलं आज." मला बरं वाटलं, ते लपवत नाही. जीप ठेवली गेली हेही खरं आहे. पुढच्या हंगामात तिने दोन बायकांना वेळेवर दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या रांगेत बबनराव बसला होता. नाव नसलं तरी आवाज होता. ज्या बाईशी तो पंधरा वर्षं रोज बोलत होता, तिचा आवाज ओळखायला त्याला अर्धं वाक्यसुद्धा लागलं नसेल.

दसऱ्याच्या सुमाराला प्रयाग पाटोद्याच्या बाजारात आली होती. मी तिच्या खांद्याला पिशवीत होतो. तिथे तिला कडूबाईंचा मुलगा आसाराम भेटला. तो दोर घेत होता. प्रयागने हसून विचारलं, "मावशी बऱ्या हायेत ना?"

आसारामने दोर खाली ठेवला. "बऱ्या हायेत. आमी औंदा कर्नाटकात चाललो, दुसऱ्या मुकादमाबरं. बबनराव म्हणला, तुमचं भाषण ऐकलं बीडला, आता दुसरीकडं बघा."

"कसलं भाषण?"

"तेच मी आईला इचारलं. ती म्हणली, तू यंत्र घेऊन आलतीस." तो रागावलेला नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. "ताई, माझ्या बायकोचं आंगाचं सगळं गावातल्या गड्यांना ठाऊक झालं. बबनरावानं पारावर बसून सांगितलं. हे तुमी कावून केलं?"

आसारामने दोर खांद्यावर टाकला आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही त्यांच्या गावी गेलो. घरासमोर कोयते, पातेली, वाकळा बांधून ठेवल्या होत्या. दोन दिवसांनी त्यांचा ट्रक निघणार होता. कडूबाई ओसरीवर होत्या. त्यांनी प्रयागला बस म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. प्रयाग खाली अंगणातच बसली.

"माझं चुकलं मावशी," ती म्हणाली. "नाव लिहिणार न्हाई म्हणलं, अन् तुमचा आवाज पन्नास माणसांत वाजवला. मी तिथं बसले व्हते. मी उठून बंद करायला पाहिजे व्हतं."

कडूबाई म्हणाल्या, "मला वाटलं तुझ्या वहीत राहील. वहीतलं कोण वाचतंय."

"मी बबनरावांना जाऊन भेटू का? सांगते त्यांना, चूक आमची हाय म्हणून."

"नगं. आता आमच्या वतीनं कुठंच काय बोलू नगं."

तेवढ्यात रुक्मिणी घरातून बाहेर आली. पाच महिन्यांपूर्वी मी तिचा आवाज ऐकला नव्हता, फक्त तिच्या हातातल्या भांड्यांचा ऐकला होता. ती खांबाला टेकून उभी राहिली. बोलली ती प्रयागशी, पण कडूबाईंनी मान खाली घातली.

"ताई, तुमी आत्याबाईंना आंगठा मागितला. वाचून दाखवलं. थांब म्हणलं तर थांबीन म्हणलात, पुसू का म्हणून इचारलंत. मी तिथंच भांडे घासत व्हते. पोटात माझ्या व्हती ती. मला कुणी इचारलं?"

संमतीपत्रावर तसा रकानाच नव्हता. सांगणारीची सही होती. जिच्याबद्दल सांगितलं जातंय तिची नव्हती. हे त्या गठ्ठ्यातल्या एकाही कागदाला सुचलं नव्हतं, सरांना नाही, प्रयागलाही नाही.

"कुणीच न्हाई इचारलं," प्रयाग म्हणाली.

"मला ऐकायचंय," रुक्मिणी म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं. मी एकलीच राहिले."

मूळ कॅसेट पुण्याहून परत आली होती आणि प्रयागच्या पिशवीत होती. तिने ती माझ्यात घातली. रुक्मिणी माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ती रडली नाही. मधे एकदा ती म्हणाली, "थांबवा." प्रयागने थांबवलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "लावा." संपल्यावर कडूबाई काहीतरी बोलू लागल्या, "मला वाटलं, मी आपलं मन..."

"राहू द्या आत्याबाई," रुक्मिणी म्हणाली. मग प्रयागकडे वळून म्हणाली, "हे बंद करा."

प्रयागने मला बंद केलं आणि कॅसेटही काढून बाजूला ठेवली. तेव्हा रुक्मिणी बोलली. त्या दिवशी खरं काय झालं, कडूबाईंना काय दिसलं आणि काय दिसलं नाही, ते तिने पहिल्यांदाच सांगितलं. अर्धा-पाऊण तास ती बोलली आणि ते तिघींमध्येच राहिलं. ती काय म्हणाली ते मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो. तिने मला बंद करायला सांगितलं होतं. एवढं सांगतो, की ते ऐकून कडूबाई उठल्या आणि सुनेच्या शेजारी जाऊन बसल्या.

नंतर प्रयागने विचारलं, "आता या टेपचं काय करू? तुमी सांगाल तसं."

रुक्मिणीने विचार करून उत्तर दिलं. "ट्रॅक्टर मागितला अन् दिला न्हाई, तेवढं ठेवा. ते लोकांना कळू द्या. जीप ठेवली म्हणतेत, चांगलं झालं. त्याच्या पुढचं माझं हाय. ते पुसा."

"पुसायचं म्हणजे त्याच्यावर दुसरं भरावं लागतं," प्रयाग म्हणाली. "अकरा मिनिटं लागतील. हे लाल अन् त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायचं. मी दाबू का तुमी दाबता?"

प्रयागने कॅसेट पुन्हा माझ्यात घालून फीत त्या जागेपर्यंत मागे नेली. रुक्मिणीने पदराला हात पुसले आणि दोन्ही बटणं स्वतः दाबली. बोट जड पडलं, कारण तिने याआधी असलं काही दाबलं नव्हतं. माझी चाकं फिरू लागली. तिघी बसून राहिल्या. अंगणात कोंबडी फिरत होती, पलीकडच्या घरात कुणीतरी लाकूड फोडत होतं, एकदा कडूबाई खोकल्या. अकरा मिनिटं भरली तिथे प्रयागने खूण केली आणि रुक्मिणीने थांबायचं बटण दाबलं.

"झालं?" तिने विचारलं.

"इथलं झालं. पुण्याला एक कॅसेट हाय. ती आणते अन् उतरवलेली पानं फाडते."

प्रयाग त्याच आठवड्यात पुण्याला गेली. सुंदररावसर म्हणाले, "अगं, आपल्या सगळ्या अभ्यासात असा तुकडा दुसरा नाही. याच तुकड्यामुळे जीप मिळाली."

"हो सर. आणि याच तुकड्यामुळे त्यांची टोळी गेली. रुक्मिणीला गावात मान वर करता येईना. तिला आपण विचारलंसुद्धा नव्हतं."

ते वाईट माणूस नव्हते. मी त्यांना जवळून पाहिलं आहे. त्यांनी खण उघडून कॅसेट काढली, प्रयागच्या हातात दिली आणि म्हणाले, "मीही येतो तुझ्याबरोबर. माफी मला मागायला हवी." पण तोवर कडूबाईंचं घर कर्नाटकाकडे निघून गेलं होतं. सर चैत्रात प्रयागबरोबर त्यांच्या गावी आले, ते लोक परतल्यावर. रुक्मिणीच्या हातात त्यांनी कॅसेट दिली. तिने आतली फीत ओढून काढली आणि चुलीत घातली. सरांना तिने चहा दिला.

बबनरावाने त्यांना पुन्हा टोळीत घेतलं नाही. तीन हंगाम ते दूरच्या मुलखात गेले आणि तिथे त्यांचे हाल झाले. जे बिघडलं ते कॅसेट जाळल्याने दुरुस्त झालं नाही, हे मी तुम्हाला खरं सांगायला हवं.

अहवाल वर्षभर उशिरा निघाला. छापण्याआधी प्रयागने गावोगाव जाऊन बायकांचं बोलणं त्यांनाच वाचून दाखवलं. काहींनी आणखी सांगितलं, काहींनी काढायला लावलं. संमतीपत्रही बदललं. आता कुणी दुसऱ्या माणसाबद्दल सांगू लागलं, की थांबून त्या माणसाला विचारायचं, असं त्यात आलं. कडूबाईंच्या मुलाखतीपुढे एक ओळ छापली आहे: 'यापुढील मजकूर संबंधित बाईच्या सांगण्यावरून काढला आहे.' प्रयागने पुढे याच विषयावर प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "इथे नेमकं काय होतं? आम्हाला तरी सांगा, खोलीबाहेर जाणार नाही." प्रयाग म्हणाली, "मला सांगायची परवानगी नाही, सर." परीक्षकांनी पान उलटलं.

आता प्रयाग या महाविद्यालयात शिकवते. माझा पट्टा पुन्हा सैल झाला आहे आणि त्या मापाचा पट्टा आता मिळत नाही. विद्यार्थी मुलाखतींना निघतात तेव्हा मोबाइल घेऊन जातात. ते योग्यच आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्हालाही शाळेत कधी प्रकल्प मिळेल. आजोबांची मुलाखत घ्या, शेजारच्या मावशींना दुष्काळाचं विचारा, असं बाई सांगतील. तुम्ही उत्साहाने जाल आणि तुमचं यंत्र माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं टिपेल. तेव्हा आधी विचारा. कशासाठी हवं आहे आणि कोण कोण ऐकणार आहे ते खरं सांगा. बोलणारे दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगू लागले, तर त्या दुसऱ्या माणसाकडेही जा. लिहून झाल्यावर परत जाऊन वाचून दाखवा. आणि कुणी 'नको' म्हणालं तर का म्हणून विचारू नका. यंत्र पिशवीत ठेवा, थोडा वेळ तिथेच बसा, पाणी प्या आणि घरी या. प्रकल्पाच्या वहीत ते पान कोरं राहिलं तरी चालेल.